लवेचं पान

बाबा आले तेव्हा मी पेपर तपासत होते. मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारचा एक. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या वेळी कूलरसमोरची जागा सोडली तर कुठेच बसवत नसे, आणि ती जागा मी आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनी अडवलेली होती. बाबा आरमोरीजवळच्या आमच्या गावाहून पहाटेच निघाले होते. दोनदा एसटी बदलून, शेवटी ऑटो करून आले. वय एकाहत्तर. डोक्याला ओला दुपट्टा, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत दबू नये म्हणून छातीशी वेगळं धरलेलं वर्तमानपत्राचं पुडकं.

“एवढ्या उन्हात कशाला आलात, बाबा?”

“ऊन काई नवीन आहे का? फळीवर याच्या दुप्पट रायते.”

पिशवीतून त्यांनी टेंबरं काढून ताटलीत ठेवली. तेंदूच्या झाडाची ही फळं, पिवळी, वरून टणक, आत चिकट गोड गर. चंद्रपूरच्या बाजारातही मिळतात, पण बाबांच्या मते ती टेंबरं नव्हतीच. माझा नवरा प्रवीण विद्युत केंद्रात ऑपरेटर आहे. तो दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता. बाबांनी खिडकीतून कूलिंग टॉवरच्या वाफेकडे बोट दाखवलं.

“काऊन जावईबापू, एवढे ढग बनवून राह्यले तुमी, त्यातला एखादा आमच्या बांधीवर धाडता येत नाई का?”

“अर्ज द्या लागते, बाबाजी.”

“अर्ज पोचेपर्यंत धान वाळते.”

हा संवाद दर भेटीत असाच व्हायचा आणि दोघंही दर वेळी तेवढेच हसायचे. मग बाबा माझ्याजवळ येऊन बसले आणि पुडकं गठ्ठ्यांवर ठेवलं.

“हे यंदाचं. मागच्या सालचं पाह्यलं का तू?”

मी मान वर केली नाही. हातातल्या पेपरात गांडुळाच्या पचनसंस्थेची आकृती होती आणि तिला किती गुण द्यावेत हे मला ठरवायचं होतं.

“पाहिलं बाबा. कोवळ्या पानाची लवच आहे. किडा-बिडा काही नाही.”

“भिंगातून पाह्यलं?”

“हो.”

मी पाहिलेलं नव्हतं. मागच्या वर्षीचं नाही आणि त्याच्या आदल्या वर्षीचंही नाही. दोन्ही पुडकी कॉलेजच्या कपाटात, बांधलेली तशीच होती. पण ‘हो’ म्हणायला मला क्षणाचाही वेळ लागला नाही.

बाबांनी कूलरच्या वाऱ्यात दुपट्टा झटकला. मग म्हणाले, “बरं. तू पाह्यलं म्हणजे झालं.” उठताना त्यांनी पुडक्यावर हात ठेवला. “आणलंच आहे तं ठेव.”

जेवले, अर्धा तास पडले, आणि प्रवीणच्या गाडीवर बसून स्टँडवर गेले. मी दारापर्यंत आले होते, हातात लाल पेन होतं. रिकामी पिशवी त्यांनी चौघडी करून सदऱ्याच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आईचा फोन आला. बाबा अंगणात तोंड धुवायला बसले होते, तिथेच कलंडले.

*

बाबा म्हणजे देवाजी रामटेके. चार एकर धान, आणि उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर दिवाणजी. आमच्या भागात मे महिन्यात अख्खं गाव पहाटे जंगलात जातं, तेंदूची पानं तोडून आणतं, घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं आणि दुपारनंतर फळीवर नेतं. फळी म्हणजे जंगलाच्या कडेची साफ केलेली मोकळी जागा. तिथे पुडे रांगेने उन्हात वाळत घालतात. पुडा घेण्याआधी पानं तपासतो तो दिवाणजी. एकतीस हंगाम बाबांनी ते काम केलं.

शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर फळीवर. फळीच्या मागे एक मोठं टेंबराचं झाड होतं. तेंदूची झुडपं दर फेब्रुवारीत बुंध्याशी छाटतात, खुटकटाई म्हणतात तिला. छाटलं की नवी, सरळ, मऊ पानं फुटतात, विडीला तीच लागतात. पण त्या झाडाला कुणी हात लावत नसे, कारण ते फळं द्यायचं. त्याच्या सावलीत शाळेच्या पेटीतली पुस्तकं घेऊन मी बसायची. पुस्तकातल्या जगात समुद्र असायचे, बर्फ असायचा, आणि मान वर केली की समोर हिरव्या पुड्यांच्या रांगा, लाल माती, वाळत्या पानांचा तो कडवट उबदार वास. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वाचलं. त्या वासाशिवाय वाचलेलं आजही थोडं अपुरं वाटतं.

बाबा पान बघायचे तेव्हा बोलत एकीकडे असायचे, बघत दुसरीकडे, आणि अंगठा पानाच्या पाठीवरून फिरत असायचा. बायका चिडवायच्या.

“दिवाणजी, डोळे मिटूनच घेता का पुडे?”

“नजर फसते बाई, अंगठा नाई फसत. हे वरचे चार चांगले अन् खाली फोडाचे भरले, ते कोणाले देते? नवऱ्याले दे.”

मग हशा. ज्या बाईचा पुडा परत आला तीही हसायची.

मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली. “पान पालथं करून पाय, रंजू. समोरून सगळीच पानं चांगली दिसतेत.”

पुढे मी प्राणिशास्त्र घेतलं, नागपूरला राहून धानावरच्या कोळ्यांवर पीएच.डी. केली. हे कोळी जाळं विणणारे नव्हेत. इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, झाडाचा रस पिऊन जगतात. बाबांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, “दिसत नाई तं तुले कसा दिसला?” मी भिंगाबद्दल सांगितलं. ते विचारात पडले आणि त्या वेळी पहिल्यांदा त्यांनी लवेच्या पानाची गोष्ट काढली.

फोडाचं पान सगळ्यांना माहीत होतं. फोड करणारा किडा पुस्तकात कधीचा नोंदवलेला आहे. पण बाबांचं म्हणणं, आणखी एक पान असतं. त्याला फोड नसतो. पाठीवर मखमलीसारखे ठिपके असतात, तांबूस. मी म्हणाले, बाबा, तेंदूच्या कोवळ्या पानाच्या पाठीवर मऊ लव असतेच.

“नव्या पानाची लव अंगठ्यानं पुसली जाते. ही पुसत नाई.”

“मग पान अजून कोवळं असेल.”

“एकतीस साल पानं पाह्यली मी.”

“बाबा, ते पुस्तकात असतं तर सापडलं असतं ना?”

हे वाक्य मी तेव्हा बोलले होते. दर वर्षी नवीन मुलांना पहिल्या तासाला मी याच्या नेमकं उलट शिकवते.

त्यांनी वाद घातला नाही. दिवाणजीपण सुटल्यावर, शेवटची तीन वर्षं, दर मे महिन्यात ते एक पुडकं बांधून आणून देऊ लागले.

*

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाऊस आला, कॉलेज सुरू झालं. पुडकी तिथेच होती. तिसरं मी स्वतःच नेऊन पहिल्या दोनांवर ठेवलं होतं, न सोडता. सोडायचं म्हटलं की दुसरं काहीतरी काम निघायचं.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. कपाट आवरायचं निमित्त करून मी गेले आणि सगळ्यात जुनं पुडकं टेबलावर घेतलं. पळसाच्या सालीच्या दोरीने बांधलेलं. गाठ पुड्याला मारतात तीच, एक टोक ओढलं की सुटणारी. मी ओढलं.

वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये बारा पानं होती. सगळी पालथी. पाठ वर, तांबूस ठिपके वर. माझे उलटायचे कष्टही त्यांनी वाचवले होते. मला फक्त कागद उघडायचा होता.

समासात बॉलपेनने तारीख आणि खाली लिहिलेलं: ‘फळीमागे, टेंबराचं मोठं झाड. लव पुसत नाई.’

मी भिंगाकडे गेले नाही. आधी अंगठा फिरवला. लव पुसली गेली नाही.

मग भिंग. ती लव म्हणजे पानाचे साधे केस नव्हतेच. फुगीर, पिळवटलेल्या, गदेसारख्या टोकाच्या केसांचं दाट रान होतं ते, आणि असं रान पान आपणहून उगवत नाही. कुणीतरी रस पिऊन त्याला ते उगवायला लावतं. त्या रानात, बुडाशी, वाळलेले कोळी होते. तांदळाच्या कणीचा शंभरावा भाग करावा आणि त्याला चार पाय लावावेत तसे. या कुळातल्यांना चारच पाय असतात.

अडीच वर्षं वाळलेला जीव पाण्यात आणि आम्लात हळूहळू परत फुगवता येतो, पारदर्शक करता येतो. पंधरा दिवसांत सात माद्या काचपट्टीवर नीट बसल्या. मग ओळख पटवायची. त्यासाठी एक किल्ली असते: प्रश्नांच्या जोड्या. पाठीच्या ढालीवर दोन केस आहेत? असतील तर इकडे जा, नसतील तर तिकडे. पायाच्या टोकाचं पीस अखंड आहे? इकडे. दुभंगलेलं? तिकडे. असं चालत गेलं की शेवटी एक नाव येतं. माझ्या कोळ्याच्या ढालीवर केस नव्हते, म्हणून मी तिकडे गेले. तिथे सगळ्यांचं पीस अखंड होतं, याचं दुभंगलेलं. परत फिरून दुसऱ्या वाटेने आले, तर तिथे सगळ्यांना ढालीवर केस. मी ती किल्ली महिनाभर चालत होते. प्रत्येक वेळी रस्ता नाल्याकाठी संपावा आणि पलीकडे काहीच नसावं तसं.

नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडम आता निवृत्त आहेत. त्यांना चित्रं पाठवली. त्यांचा एक नियम आहे: आधी आपणच चुकलोय असं धरायचं. त्यांनी माझ्याकडून पन्नास वर्षांतली सगळी वर्णनं वाचून घेतली, आकृत्या तीनदा काढून घेतल्या. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला.

“रंजीता, ही नवी जाती नाही.”

मी समोरच्या आकृत्या गोळा करायला लागले.

“नवा वंश आहे. वाघ, बिबट्या, सिंह हे एका वंशातले भाऊ. तू त्यांच्यात आणखी एक भाऊ शोधलास असं मला वाटलं होतं. हे घरच वेगळं आहे.” मग लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “पण वर्तमानपत्रात वाळलेल्या सात माद्यांवर घर उभं राहणार नाही. नर पाहिजे, पिल्लं पाहिजेत, जिवंत पानावरची. आणि ते झाड पाहिजे. गोळा कुणी केलंय?”

“माझ्या वडिलांनी.”

“मग त्यांनाच विचार ना—” आणि त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “पानं तुझ्याकडे कधीपासून होती?”

“पहिल्या पुडक्याला मे महिन्यात तीन वर्षं होतील.”

“मग आत्ता का पाहिलीस?”

“वेळ मिळाला नव्हता, मॅडम.”

हेही खोटं नव्हतं. पण खरं कारण हे नव्हतं.

*

मे महिन्यात गावाला गेले. आई एकटीच राहते. ऊर्जानगरला यायचं नाव काढत नाही. मनकर्णा तिचं नाव, आणि तिच्या कानाला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ती बोलते मोठ्याने आणि आपणही मोठ्याने बोलावं अशी तिची अपेक्षा असते.

बाबांचे मित्र बापूराव अजून फळीवर जातात. त्यांना मी पान दाखवलं. त्यांनी अंगठा फिरवला.

“हे देवाजीचं येड. मलेही दाखवे. चाल बाई, फळीमागेच असन.”

पहाटे बायकांच्या घोळक्यासोबत निघालो. वाघाच्या भीतीने आता कुणी एकटं जात नाही. पुढची बाई डबा वाजवत असते, मागची गाणं म्हणत. गेल्या काही वर्षांपासून हत्तींचा कळपही या बाजूला येऊ लागलाय.

“मॅडमबाई,” बापूराव म्हणाले, “वाघ आला तं त्यालेही भिंगातून पाहान का?”

“वाघाला भिंग लागत नाही, काका.”

“मंग आमच्या काय कामाचं तुमचं शिक्षण?”

बायका हसल्या. फळी डांबरी रस्त्याला लागून होती. मी पुडक्यांतले शब्द पाठ करून गेले होते: फळीमागे, टेंबराचं मोठं झाड. फळीमागे सागवान होतं, आणि त्याच्या अलीकडे पसरलेली तेंदूची झुडपं. सगळी फेब्रुवारीत छाटलेली, सगळ्यांवर लांबरुंद स्वच्छ पानं. मोठं झाड एकही नव्हतं. दोन दिवस मी झुडपाझुडपातून पानं पालथी करत फिरले. पाठी गुळगुळीत. जिथे लव होती तिथे ती अंगठ्याने पुसली गेली.

“छाटल्या खुटावर तशी लव रायतच नाई,” बापूराव म्हणाले. “अन् मोठं झाड इथी कुठी होतं? पडलं असन. नाई तं देवाजीनं अंदाजे लिवलं असन.”

बाबा अंदाजे लिहीत नसत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, पाण्याची बाटली संपलेली आणि डोक्यात ऊन चढलेलं असताना, मला पुन्हा एकदा वाटलं, कदाचित चुकलेही असतील. हे दुसऱ्यांदा वाटलं याची मला लाज वाटली. झाड मिळालं नाही, तर पुढच्या मे महिन्यापर्यंत काही करता येणार नव्हतं, आणि तोवर सात माद्या म्हणजे नुसत्या सात काचपट्ट्या. बाबा बरोबर होते हे कुठेच लिहिलं गेलं नसतं.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. तिच्यामागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि आता तिसरी.

“भेटलं का वं?”

“नाही. फळीमागे मोठं झाडच नाहीये.”

“आं?”

“फळीमागे! मोठं टेंबर! नाहीये!”

“कोनत्या फळीमागं?”

“फळी एकच आहे ना आई. रोडवरची.”

आईने सूप खाली ठेवलं आणि हसू लागली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती. डोळ्यांना पदर लावून हसली.

“पीएच.डी. झाली पोरगी! अवो, रोडवरची फळी तुह्या बापानं कधी फळी मानली का? टरक जात नाई म्हणून ती जुनी सोडली, रोडवर आणली, त्याले पंधरा साल झाले. तरी हे म्हनत, ते दुकान आहे, फळी नोहे. फळी म्हनजे जुनी. तू तं तिथीच वाढली.”

 आठ उन्हाळे ज्या झाडाखाली बसून वाचलं, त्याचा पत्ता माझ्याकडे बाबांच्या अक्षरात दर वर्षी येत होता, आणि तो मला ओळखू आला नव्हता.

“अन् सापडलं तं काय करशीन?”

“नाव ठेवावं लागतं त्याचं. बाबांचं ठेवीन म्हणते.”

“किड्याले?” आईने सूप पुन्हा उचललं. “जित्तेपणी कोनी दिवाणजीशिवाय नावानं हाक नाई मारली, अन् आता किड्याले.” तिने दोन खडे काढून अंगणात फेकले. मग म्हणाली, “ठेव.”

*

सकाळी आम्ही तिघं निघालो. आई हट्टाने आली. जुनी फळी नाल्याच्या वळणावर आहे. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, पण पुड्यांच्या रांगा आखायला लावलेले दगड अजून ओळीत होते. त्या ओळींच्या पलीकडे टेंबर उभं होतं. लहानपणच्या गोष्टी पुन्हा पाहिल्या की लहान वाटतात असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलंय. हे झाड आठवणीतल्यापेक्षा मोठं होतं. खाली टेंबरं पडून फुटली होती आणि त्यांच्यावर मुंग्या होत्या.

खालची एक फांदी मी ओढली, पान पालथं केलं. ठिपके, तांबूस. अंगठा फिरवला. राहिले. गळ्यातलं छोटं भिंग डोळ्याला लावलं. त्या मखमलीच्या कडेला फिकट, मेणचट रंगाचे ठिपके होते आणि त्यातला एक पुढे सरकत होता, अगदी सावकाश. त्याच्या मागून दुसरा, लहान.

“आहेत,” मी म्हणाले.

बापूरावांनी भिंग घेतलं, बघितलं, परत दिलं. “मले तं काईच नाई दिसत. देवाजीले बिना भिंगाचं कसं दिसे गा?”

मग आईने घेतलं. तिला ते धरायचं कसं हे सांगावं लागलं. बराच वेळ ती नुसतं पान बघत राहिली, आणि एकदम ओरडली, “हलून राह्यलं वं!”

मी कामाला लागले. पानं तोडून घड्यांमध्ये ठेवली, काही तुकडे कुपीतल्या अल्कोहोलमध्ये टाकले, प्रत्येक कुपीत चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं असतं, शाई विरघळते. झाड, गाव, तालुका, तारीख. फळीचं नाव लिहिताना ‘जुनी फळी’ लिहिलं आणि मग ‘जुनी’ खोडलं. माद्या कॉलेजात काचपट्टीवर होत्याच, आणि वंशाचा मूळ नमुना म्हणून त्यांच्यातलीच एक राहणार होती, बाबांनी आणलेली. आजची पानं फक्त साक्षीला.

आई दगडांच्या ओळीतल्या एका दगडावर बसली होती. बापूराव जरा बाजूला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते.

“त्या दिवशी तुह्याकडून आले ना,” आई म्हणाली, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, जणू कालचंच सांगावं तशी, “तं पाय धुऊन बसले. मी म्हनलं, काय म्हने पोरगी? तं म्हनले, पाह्यलं तिनं भिंगातून. काई नाई म्हनते. मीच चुकलो, मनकर्णा. तीन साल पोरीले फुकट तरास देल्ला.”

माझ्या हातात कुपी होती. मी तिचं बूच लावायचं थांबले.

“राग नोहता आला त्याइले. हासलेही. म्हने, अंगठ्याचंही वय होते. भात दोनदा घेतला, अन् झोपले.” ती झाडाकडे बघत होती. “मंग मले समजत नाई रंजू. तू तं तवा पाह्यलं होतं. मंग आता कसं काय निघालं?”

उत्तर माझ्याकडे तयार होतं. नवीन भिंग आलं, आई. तेव्हाचं साधं होतं. तिने मान डोलावली असती आणि आम्ही ऊन चढायच्या आत घरी गेलो असतो. मॅडमना मी असंच काहीतरी दिलं होतं आणि ते चाललं होतं.

बूच घट्ट लावलं, कुपी पिशवीत ठेवली.

“मी पाहिलं नव्हतं,” मी म्हणाले.

“आं?”

बापूरावांचा हात थांबला होता. त्यांना ऐकू गेलं होतं. आईने कानामागे तळवा धरला आणि माझ्याकडे तोंड केलं. मग मी ते म्हणाले, आमच्या घरात बोलतात तसं, त्या रिकाम्या फळीच्या दुसऱ्या टोकालाही कुणी बसलं असतं तर ऐकू गेलं असतं एवढ्या मोठ्याने:

“मी पाह्यलंच नोहतं, आई! पुडकं सोडलंही नोहतं! मी बाबाले खोटं सांगतलं! बाबा बरोबर होते!”